वजनासह ताण आणि स्नायूंची वाढ : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मांडीच्या मागच्या स्नायूंविषयी लिहिताना, शेवटचा सेट संपल्यावर हलके वजन हातात ठेवून स्नायू ताणलेल्या अवस्थेत अर्धा मिनिट धरून ठेवावा, असे एक वाक्य ओघात आले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला देणे योग्य वाटले. काही पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून चार वर्षांपासून नियमित व्यायाम करतो. आमच्या जिममधील ट्रेनर छातीचे सेट झाल्यावर डंबेल फ्लायच्या (बाकावर उताणे पडून, पसरलेल्या हातांनी डंबेल बाजूंना खाली नेण्याच्या व्यायामाच्या) सर्वांत खालच्या स्थितीत एक मिनिट थांबायला सांगतात. त्यामुळे फेशिया, म्हणजे स्नायूभोवतीचे आवरण, सैल होते आणि आतल्या स्नायूला वाढायला जागा मिळते, असे त्यांचे म्हणणे आहे. स्ट्रेचिंगने अंग मोकळे होते एवढेच मी आजवर ऐकले होते. त्याने स्नायू खरोखर वाढतो का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : वाढतो. मात्र तुमच्या ट्रेनरनी सांगितलेले कारण बरोबर नाही, आणि कारण चुकले की मात्राही चुकत जाते, म्हणून आधी कारणाविषयी लिहितो.

आवरण ताणून स्नायूला जागा करून द्यावी ही कल्पना अमेरिकेतील शरीरसौष्ठवपटूंमध्ये जॉन पॅरिलो यांच्यामुळे रुजली. पुढे दांते ट्रुडेल यांच्या पद्धतीत तर प्रत्येक स्नायूचे काम झाल्यावर वजन घेऊन ६० ते ९० सेकंदांचा तीव्र ताण देणे हा नियमच झाला. या मंडळींना जे अनुभवाने दिसले त्यात तथ्य होते, पण त्यांनी लावलेला अर्थ टिकणारा नाही. फेशिया म्हणजे काही अंगाला घट्ट बसलेला सदरा नव्हे, की तो उसवला म्हणजे आतला दंड फुगेल. ते जिवंत ऊतक आहे. स्नायू वाढतो तसे तेही त्याच्याबरोबर नव्याने घडत जाते, आणि आवरणाने अडवल्यामुळे निरोगी माणसाचा स्नायू वाढायचा थांबतो असा पुरावा नाही.

खरे कारण अधिक साधे आहे. स्नायुतंतूवर पडणारा यांत्रिक ताण हाच त्याच्या वाढीचा मुख्य संदेश असतो. आपण वजन उचलतो तेव्हा हा ताण तंतूच्या आकुंचनातून निर्माण होतो. पण तंतू पुरेसा लांब केला, तर तो आकुंचन पावत नसतानाही त्याच्यात ताण निर्माण होतो, कारण त्याच्या आत टायटिन नावाचे स्प्रिंगसारखे एक प्रचंड मोठे प्रथिन असते आणि तंतू लांबला की ते खेचले जाते. ताणलेल्या अवस्थेत वजन धरले म्हणजे हे दोन्ही ताण एकत्र येतात. म्हणून वजनासह दिलेल्या ताणाकडे मी ‘अंग मोकळे करणे’ म्हणून पाहत नाही. ते ओझेच आहे, आणि ओझ्याला जे नियम लागू पडतात ते सगळे त्यालाही लागू पडतात : किती, किती वेळ, आठवड्यातून किती वेळा, आणि मध्ये विश्रांती किती.

याचा सर्वांत ठळक पुरावा पक्ष्यांवरील प्रयोगांतून आला. जोस अँटोनियो आणि विल्यम गोन्या यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लाव्याच्या एका पंखाला वजन बांधले होते. पक्ष्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपासून सुरुवात करून ते टप्प्याटप्प्याने ३५ टक्क्यांपर्यंत नेले आणि मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवले. त्या पंखाच्या स्नायूचे वजन ३१८ टक्क्यांनी वाढले. हा आकडा वाचून कुणाचेही डोळे विस्फारतील, पण तो जसाच्या तसा माणसाला लावू नये, कारण पक्ष्याचा पंख वजनाखाली एका वेळी तासन्‌तास होता आणि तो स्नायू आपल्या छातीसारखा नाही. मला त्या प्रयोगातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आकड्याहून वेगळी वाटते. तिथे वजन हळूहळू वाढवले होते आणि मध्ये विश्रांती होती. आपल्या तालमीतले जुने वस्ताद जोर-बैठकांचा आकडा ज्या धीराने चढवत नेत, तीच ही रीत आहे.

माणसांवरील पुरावा गेल्या काही वर्षांत जमला. जर्मनीतील संशोधक कॉन्स्टान्टिन वार्नेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहभागी व्यक्तींनी एका पायाला विशेष पट्टा बांधून पोटरी रोज एक तास, सहा आठवडे, ताणून धरली. त्या पोटरीची जाडी सुमारे १५ टक्क्यांनी आणि कमाल ताकद सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. त्यानंतर २०२४ मध्ये छातीच्या स्नायूंवर असाच अभ्यास झाला. एका गटाने आठवड्यातून चार दिवस १५-१५ मिनिटे उपकरणाच्या साह्याने छाती ताणली, दुसऱ्याने आठवड्यातून तीन दिवस वजनाचा नेहमीचा व्यायाम केला, आणि आठ आठवड्यांनी दोन्ही गटांतील वाढ जवळपास सारखी निघाली.

आता या आकड्यांकडे घड्याळ समोर ठेवून पाहा. आठवड्याला सात तास पोटरी ताणायची, किंवा एक तास छाती ताणायची, आणि हाती येणार ते तेवढेच, जे चांगल्या प्रतीच्या काही सेटमधून मिळते. ज्याला वजन उचलणे शक्यच नाही, त्याच्यासाठी ही वाट मोलाची आहे. पण तुमच्यासारख्या धडधाकट माणसाने व्यायामाच्या जागी ताण ठेवू नये, व्यायामाच्या शेवटी ठेवावा, आणि त्यातूनही अपेक्षा बेताचीच धरावी. दोन सेटच्या मध्ये ताण देण्यावरचे अभ्यास काहींत फायदा दाखवतात, तर काहींत फारसा नाही. एक मिनिट ताणाने छाती दुप्पट होणार नाही. महिन्यांच्या हिशेबात थोडी भर पडेल, आणि खांद्याची मोकळीक मात्र नक्की वाढेल.

फ्लायच्या खालच्या स्थितीत नेमके काय घडते, हे नीट समजून घ्या. डंबेल खाली जाताना कोपर किंचित वाकलेले असते. दहा-पंधरा सेकंदांनी छातीच्या बाहेरच्या कडेला, काखेच्या वर, ओढ बसू लागते. त्या ओढीपासून सुटका करून घेण्यासाठी शरीर गुपचूप दोन गोष्टी करते : कोपर अधिक वाकवून वजनाची तरफ आखूड करते, आणि खांद्याचा गोल पुढे ढकलून ओझे स्नायूवरून काढून सांध्याच्या पुढच्या आवरणावर टाकते. दुसरी गोष्ट धोक्याची आहे. मी स्वतः तिशीच्या आत असताना, फ्लायचे सेट ज्या डंबेलने करत असे त्याच डंबेलने ताण धरण्याचा हट्ट धरला होता, आणि त्यानंतर कित्येक महिने सदरा घालताना हात मागे नेणे मला जड गेले होते. म्हणून ताणासाठी नेहमीच्या वजनाच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी वजन घ्या. खांद्याची पाती बाकावर मागे-खाली दाबून ठेवा. ओढ छातीच्या मांसल भागात जाणवली पाहिजे. खांद्याच्या पुढच्या बोटभर जागेत टोचल्यासारखे झाले, तर वजन लगेच खाली ठेवा. ३० सेकंदांपासून सुरुवात करा, दोन-तीन आठवड्यांत ६० सेकंदांवर जा, आणि मगच अर्धा-एक किलो वाढवा. आठवड्यातून दोनदा पुरे.

प्रश्न : माझे वय २९ असून पोटऱ्या अगदी बारीक आहेत. सहा महिने मी बसून करण्याच्या काफ रेझच्या (टाचा उचलण्याच्या) मशीनवर २५-२५ चे चार सेट करते आहे, पण टेप लावून पाहिले तर काहीही फरक नाही. काहींची पोटरी जन्मतःच वाढत नाही, असे मैत्रिणी म्हणतात. ताण देण्याचा इथे उपयोग होईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पोटरीची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, किती लांब आणि मांसल भाग किती आखूड, हे जन्मतः ठरते, हे खरे. पण तुमच्या बाबतीत आनुवंशिकतेला दोष देण्याआधी मशीन बदलून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

पोटरीत दोन मुख्य स्नायू आहेत. वरचा, जो आरशात दिसतो आणि जो वाढावा असे तुम्हांला वाटते, तो गुडघ्याच्या वरून निघून टाचेला पोहोचतो. खालचा सोलियस गुडघा ओलांडत नाही. गुडघा वाकवून बसलात की वरचा स्नायू गुडघ्याकडच्या टोकाने सैल पडतो आणि बहुतेक काम सोलियसवर जाते. २०२३ मध्ये जपानी संशोधकांनी हीच तुलना करून पाहिली. १२ आठवड्यांत उभ्याने व्यायाम करणाऱ्या पायाची वरची पोटरी ९ ते १२ टक्क्यांनी वाढली, बसून व्यायाम करणाऱ्या पायाची जेमतेम एक-दोन टक्के. सोलियसची वाढ दोन्हीकडे जवळपास सारखी होती. म्हणजे सहा महिने तुम्ही मेहनत केलीत, पण ज्या स्नायूसाठी केलीत त्याच्यापर्यंत ती पोहोचली नाही.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास तर तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर देतो. तरुण स्त्रियांच्या तीन गटांनी गुडघे सरळ ठेवून लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी ओझे ढकलण्याच्या मशीनवर, आठ आठवडे पोटरीचा व्यायाम केला. एका गटाने फक्त खालचा अर्धा पल्ला घेतला, म्हणजे टाच पूर्ण खाली जाण्यापासून मध्यापर्यंत; दुसऱ्याने पूर्ण पल्ला; तिसऱ्याने फक्त वरचा अर्धा, चवड्यांवर उंच होण्याचा. पोटरीच्या आतल्या बाजूची वाढ पहिल्या गटात सुमारे १५ टक्के, दुसऱ्यात सुमारे ७ आणि तिसऱ्यात ३ टक्क्यांच्या आसपास झाली. जिममध्ये बहुतेक लोक कोणता भाग करतात, ते एकदा निरखून पाहा. टाच खाली न जाताच उसळी मारून वर जातात, आणि ती उसळी स्नायू देत नाही, टाचेमागची कंडरा स्प्रिंगसारखी देते.

म्हणून असे करा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर किंवा जाड लाकडी ठोकळ्यावर चवडे टेकवून, गुडघे सरळ ठेवून उभ्या राहा. भिंतीचा आधार घ्या. टाच तीन सेकंद मोजत खाली सोडा. एका ठिकाणी ती अडल्यासारखी वाटेल. तिथून लगेच वर येऊ नका, श्वास सोडा आणि दोन सेकंद थांबा. टाच आणखी दोन-चार मिलिमीटर आपोआप उतरते. ती उतरलेली जागा हीच तुमची सुरुवात. तिथून वर जाताना जोर लावा, पण अगदी टोकाला जाण्याचा अट्टहास नको. या पद्धतीने तुमचे २५ चे सेट १२ वर येतील आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोटरी आठवण करून देईल. शेवटच्या सेटनंतर त्याच खालच्या स्थितीत एका हातात डंबेल घेऊन, एकेका पायावर, ४५ ते ६० सेकंद थांबा. लेग प्रेसवर माफक ओझे ठेवून तीन-तीन मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस पोटरी ताणल्यानेही सहा आठवड्यांत मोजता येण्याजोगी वाढ झाल्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तेव्हा ज्यांना वेळ आहे त्यांनी हा काळ हळूहळू वाढवायला हरकत नाही.

टेप दर महिन्याला एकदाच लावा, आणि सकाळी लावा. दिवसभर उभे राहिल्यावर पायाला येणारी किंचित सूज आकड्यात मिसळते.

प्रश्न : ताणलेल्या अवस्थेतच वाढ जास्त होत असेल, तर प्रत्येक व्यायाम फक्त खालच्या अर्ध्या पल्ल्यात का करू नये? माझ्या वसतिगृहातील मुलांनी तेच सुरू केले आहे. (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : कारण पोटरीवर जे दिसले ते सगळ्या अंगाला सारखे लागू पडत नाही. अनुभवी व्यायामपटूंवर केलेला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आठ आठवडे दंडाच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंसाठी खालचा अर्धा पल्ला आणि पूर्ण पल्ला यांची तुलना झाली, आणि दोहोंची वाढ सारखीच आढळली. अर्थ एवढाच, की पूर्ण पल्ल्यात खालचा भाग मनापासून केला, तर अर्ध्यावर थांबण्याची गरज उरत नाही.

त्याऐवजी मित्रांना व्यायामाची निवड सुधारायला सांगा, कारण तिथे खरा फायदा दडलेला आहे. जे स्नायू दोन सांधे ओलांडतात, त्यांना दुसऱ्या सांध्याकडून आधी लांब करून मग काम द्यावे. मांडीचा मागचा स्नायू खुब्यापासून गुडघ्याखाली जातो. पालथे पडून करण्याच्या लेग कर्लपेक्षा (ओझ्याविरुद्ध गुडघा वाकवण्याच्या व्यायामापेक्षा) बसून केलेल्या लेग कर्लमध्ये खुबा वाकलेला असल्यामुळे तो आधीच ताणलेला असतो. जपानमधील सुमियाकी माएओ आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या अभ्यासात १२ आठवड्यांत बसून केलेल्या कर्लने सुमारे १४ टक्के, तर पालथे पडून केलेल्याने सुमारे ९ टक्के वाढ झाली. त्यांनीच पुढे ट्रायसेप्सच्या, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूच्या, व्यायामांची तुलना केली. हात डोक्यावर नेऊन केलेला व्यायाम हात शरीराजवळ ठेवून केलेल्यापेक्षा सरस ठरला, आणि तोही कमी वजन वापरून. वसतिगृहातल्या जिममध्ये एक डंबेल आणि एक बाक असला तरी दंडाचा हा व्यायाम जमतो.

खांद्याच्या बाजूच्या स्नायूसारखे काही स्नायू सांध्याच्या रचनेमुळे फारसे ताणले जातच नाहीत. तिथे ताणाच्या मागे लागून वेळ घालवू नका.

प्रश्न : व्यायामापूर्वी स्ट्रेचिंग केल्याने ताकद कमी होते असे ऐकले. मग ताण आधी द्यावा की नंतर? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नंतर. एकाच स्नायूला ६० सेकंदांहून अधिक वेळ स्थिर ताण दिला, तर पुढच्या काही मिनिटांत त्याची ताकद थोडी घटते. त्याहून कमी वेळाचा परिणाम नगण्य असतो आणि वॉर्मअपच्या हालचालींनी तोही भरून निघतो. त्यामुळे आधी दहा-वीस सेकंद अंग ताणल्याने काही बिघडत नाही. वजनासह दीर्घ ताण मात्र त्या स्नायूचे सगळे सेट संपल्यावरच द्या. स्नायू तेव्हा गरम असतो, आणि थकलेला असल्यामुळे हलके वजनही पुरते.

प्रश्न : माझे वय ६१. तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत बारा वर्षे मेहनत केली. तुमचा लेख नातवाने वाचून दाखवला. आमचे वस्ताद दोन विटांवर हात टेकवून जोर मारायला लावत आणि छाती विटांच्या खाली गेलीच पाहिजे म्हणत. बैठका तर रोज शेकड्यांनी. हे तुम्ही म्हणता तेच नव्हे काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : काका, बरेचसे तेच आहे, आणि तुमचे पत्र वाचून फार बरे वाटले. जमिनीवर जोर मारताना छाती जमिनीला लागली की पल्ला संपतो. विटा ठेवल्या म्हणजे छाती तळहातांच्या पातळीच्या तीन-चार इंच खाली जाते आणि छातीचा स्नायू शरीराच्या वजनाखाली आणखी लांब होतो. बैठकीत टाचा उचलून पूर्ण खाली जाताना गुडघा जितका वाकतो, तितका आजच्या जिममधल्या बहुतेक स्क्वॉटमध्ये वाकत नाही, आणि मांडीचा पुढचा स्नायू तिथे ओझ्याखाली पूर्ण ताणलेला असतो. आपल्या पहिलवानांच्या भरदार मांड्या आणि रुंद छात्या घडवण्यात मेहनतीच्या संख्येचा आणि खुराकाचा वाटा होताच. पण हालचालीच्या या खोल तळाचाही वाटा होता, असे मी मानतो.

फरक एका ठिकाणी आहे. तालमीत ओझे शरीराचेच असल्यामुळे प्रगती मोजली जाई ती संख्येने, आणि जोर वेगाने मारले जात, त्यामुळे ताणलेल्या स्थितीत स्नायू क्षणभरच राहत असे. आता तुमच्या वयात संख्या बाजूला ठेवा. विटांऐवजी दोन स्थिर खुर्च्यांच्या बैठकींवर किंवा कट्ट्यावर हात ठेवून, अंग तिरके ठेवून, सावकाश खाली जा आणि तीन सेकंद थांबा; असे आठ जोर पुरेत. बैठक मारताना खिडकीच्या गजाला धरा, गुडघा जिथपर्यंत विनातक्रार जातो तिथपर्यंतच जा. रक्तदाबाचा त्रास असेल तर ताण धरून ठेवताना श्वास कोंडू नका, कारण श्वास रोखून स्थिर जोर लावला की दाब एकदम चढतो. मोठ्याने आकडे मोजत राहिलात की श्वास आपोआप चालू राहतो. नातवाला मात्र विटांवरचे जोर तुम्हीच शिकवा. त्याच्याजवळ बसून ‘अजून खाली’ म्हणणारे माणूस त्याला कोणत्याही जिममध्ये मिळणार नाही.

प्रश्न : मी घरीच व्यायाम करते. एक जुनी पाठपिशवी आणि पाण्याचे दोन कॅन एवढेच साहित्य आहे. त्यावर हे जमेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : उत्तम जमेल, कारण ताणलेल्या अवस्थेत स्नायूला थोडे वजनही भरपूर वाटते. पाठपिशवीत तांदळाच्या किंवा पुस्तकांच्या पिशव्या भरून पायरीवर पोटरीचा व्यायाम करा. एक पाय मागे पलंगाच्या कडेवर ठेवून, पुढचा गुडघा वाकवत सावकाश खाली जा. पुढच्या पायाचा नितंब आणि मागच्या पायाच्या मांडीचा पुढचा भाग दोन्ही एकदम ताणले जातात. दंडाच्या मागच्या बाजूसाठी एक लिटर पाण्याची बाटली डोक्यामागे सोडा. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे कॅन किती भरला यावरून वजनाची नोंदही ठेवता येते, आणि ती वहीत लिहून ठेवाच. दरवाजाच्या चौकटीवर बसवलेल्या दांड्याला लोंबकळायचे असेल तर आधी तो पक्का आहे का पाहा. २० सेकंद लोंबकळल्याने पाठीच्या रुंद स्नायूंना जो ताण मिळतो, त्याला दुसऱ्या साहित्याची गरज नाही.

प्रश्न : वय ४७. रोमानियन डेडलिफ्टच्या (गुडघे किंचित वाकवून, खुब्यातून पुढे झुकत वजन खाली नेण्याच्या व्यायामाच्या) खालच्या स्थितीत मी दोन महिने वजन धरून एक-एक मिनिट थांबत होते. आता बसताना, विशेषतः स्कूटरवर किंवा ऑफिसच्या खुर्चीत, नितंबाखालच्या हाडापाशी खोल दुखते. जिममध्ये सांगितले की स्नायू आखडला आहे, अजून स्ट्रेच करा. केले, तर आणखी दुखते. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ताई, स्ट्रेच करणे आजपासून थांबवा. दूर बसून निदान करता येत नाही, आणि हे दुखणे कमरेतील नसेकडूनही येऊ शकते, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना प्रत्यक्ष दाखवा. पण तुम्ही केलेले वर्णन मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा बसण्याच्या हाडाला जिथे चिकटते, त्या जागेच्या दुखण्याशी फार जुळते. चाळिशीनंतर स्त्रियांमध्ये ते बरेच आढळते.

इथे काय घडते ते सांगतो, कारण या पत्रांतील सर्वांनाच त्याचा उपयोग आहे. खुबा खोल वाकवून स्नायू ताणला की त्याची कंडरा त्या हाडावर नुसती ओढली जात नाही, दाबलीही जाते. मांसल भागाला ताण मानवतो. हाडाशी दाबल्या जाणाऱ्या कंडरेला तो मानवत नाही, आणि दाब एक-एक मिनिट राहिला तर ती चिडते. मग दुखते म्हणून आखडल्यासारखे वाटते, आखडले म्हणून आपण पुन्हा ताणतो, आणि पुन्हा तीच जागा दाबली जाते. स्नायूही कंडरेपेक्षा लवकर बळकट होतो. स्नायू ज्या ओझ्याला आठवड्यांत सरावतो, त्याला सरावायला कंडरेला महिने लागतात. दोन महिने मिनिटभराचा ताण, तोही कंडरा हाडावर दाबणाऱ्या स्थितीत, तुमच्या कंडरेला झेपला नसावा.

तज्ज्ञांनी हरकत घेतली नाही, तर व्यायाम पूर्ण बंद करू नका. कंडरेला ओझे हवेच असते, फक्त दाबाविना. जमिनीवर उताणे पडून, गुडघे वाकवून, कंबर उचलून ३० ते ४५ सेकंद धरणे हे सुरुवातीला पुरेसे आहे, कारण त्यात खुबा वाकत नाही. दुखणे दहापैकी तीनच्या पुढे जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाइतकेच किंवा कमी असावे, हा निकष ठेवा. सकाळी वाढलेले आढळले तर काल जास्त झाले असे समजून सेकंद कमी करा. ऑफिसच्या खुर्चीत जाड उशी घ्या, मधला भाग पोकळ असलेली मिळाली तर बरी, आणि अर्ध्या तासाने उठत राहा. काही आठवडे असे निभले की पालथे पडून लेग कर्ल, मग गुडघ्यापर्यंतच जाणारी डेडलिफ्ट, आणि सर्वांत शेवटी खोल पल्ला असा क्रम धरा. याला साधारण तीन महिने, कधी त्याहूनही अधिक लागतात. खालच्या स्थितीत वजन धरून थांबण्याचा व्यायाम त्यानंतरही लगेच सुरू करू नका. आधी तीन सेकंद मोजत खाली जाऊन लगेच वर येण्याचे १० चे दोन सेट सलग चार आठवडे न दुखता झाले पाहिजेत. तेव्हा पुन्हा लिहा, पुढचे आपण तेव्हा ठरवू.